किती टक्के पडले?

निकालाचे दिवस आले की आमच्या घरचा फोन वाजत राहतो. घराण्यात एक निवृत्त मास्तर असला की सगळ्या नातेवाइकांना हक्काचा हिशेबनीस मिळतो! पुण्याच्या पुतणीने विचारलं, "काका, हिचा सीजीपीए ७.१३ आलाय. म्हणजे किती टक्के हो?" इचलकरंजीच्या मेहुण्यांचा प्रश्न, "दाजी, ९.५ ने गुणायचं म्हणतात, ते खरं काय?" आणि अमेरिकेतल्या भाच्याच्या मुलाचा जीपीए ३.६ आहे असं कळल्यावर त्याच्या इथल्या आजीला वाटलं, पोरगं गटांगळी खाल्लं! चारपैकी ३.६ म्हणजे पोरगं चांगलंच हुशार आहे, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून हा लेख. हिशेब पाच मिनिटांचा आहे. त्यामागची गोष्ट मात्र दोन-अडीचशे वर्षांची आहे, आणि ती मला हिशेबापेक्षा महत्त्वाची वाटते.

आधी हिशेब उरकू.

हल्ली कॉलेजात प्रत्येक विषयाला 'क्रेडिट' असतात. मराठीत श्रेयांक म्हणतात. साधारणपणे सत्रभरातले पंधरा तासांचे वर्ग म्हणजे एक श्रेयांक. म्हणजे श्रेयांक हे विषयाचं वजन झालं. मिळालेल्या गुणांवरून श्रेणी ठरते आणि श्रेणीला अंक असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे पास ४, आणि एफ म्हणजे शून्य.

समजा, एका मुलीला मराठीत (४ श्रेयांक) ए मिळाली, इतिहासात (४) बी प्लस, अर्थशास्त्रात (४) बी, इंग्रजीत (२) सी आणि पर्यावरणात (२) ओ. आता अंकाला वजनाने गुणायचं. मराठीचे ३२, इतिहासाचे २८, अर्थशास्त्राचे २४, इंग्रजीचे १०, पर्यावरणाचे २०. बेरीज ११४. एकूण श्रेयांक १६. भागाकार ७.१२५, म्हणजे ७.१३. हा झाला त्या सत्राचा एसजीपीए. पाच अंकांची नुसती सरासरी काढली तर ७.२ येते, ती चूक. बाजारात चार किलो तांदूळ आणि पाव किलो वेलदोडे घेतले तर दोन्हींच्या भावाची सरासरी काढून कुणी पैसे देत नाही, तसंच हे.

सगळ्या सत्रांचा मिळून होतो तो सीजीपीए. तिथेही वजन लागतंच. पहिल्या सत्रात १६ श्रेयांकांना ७.१२५ आणि दुसऱ्या सत्रात २४ श्रेयांकांना ८ असतील, तर ११४ अधिक १९२ म्हणजे ३०६, भागिले ४०, उत्तर ७.६५. झालं! गणित सातवीच्या मुलाला जमेल एवढंच आहे.

अडचण पुढे आहे. हे उत्तर आलं की घरातला प्रत्येक माणूस विचारतो, "ते राहू दे, टक्के किती पडले?" हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून, तेच मला सांगायचं आहे.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत गुण नव्हते. मूल धुळाक्षरं गिरवी, मग बाराखडी, मग पाढे. पाढ्यांत पुन्हा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी अशी चढण. "तुमचा मुलगा कुठवर आला?" या प्रश्नाचं उत्तर "दीडकीपर्यंत आला" असं असे. म्हणजे त्याला काय येतं ते उत्तरातच कळे. ती शाळा फार आदर्श होती असं मी म्हणत नाही. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि गावातल्या अनेक जातींच्या मुलांना आणि जवळजवळ सगळ्या मुलींना तिचं दार बंद होतं. पण मुलाच्या नावापुढे आकडा लिहायची चाल तिथे नव्हती.

आकडा आला तो विलायतेहून. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेची क्रमवार यादी अठराव्या शतकापासून लागत असे. पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. अमेरिकेत येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली परीक्षा घेतलेल्या मुलांची चार गटांत विभागणी करून ती आपल्या रोजनिशीत नोंदवली. गटांची नावं लॅटिन, पहिला 'ऑप्टिमी' म्हणजे उत्तम आणि शेवटचा 'पेजोरेस' म्हणजे त्याहून वाईट. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येलमध्येच चारपैकी सरासरी लिहायची पद्धत पडली. आमच्या भाच्याच्या मुलाचे ३.६ हे त्याच वंशातले!

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या मोजक्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतही दोघे होते. तेव्हापासून मॅट्रिक हा नुसता शिक्षणाचा टप्पा राहिला नाही. ती नोकरीची किल्ली झाली. कचेरीत कारकून घ्यायचा तर साहेबाला शंभर अर्जदारांतून पाच निवडायचे असत, आणि त्याला सोयीचं काय? आकडा. कोण काय शिकला यापेक्षा कोण कुणाच्या पुढे, हे साहेबाला हवं होतं. आकड्याचा जन्म मुलासाठी झालाच नाही, तो निवडणाऱ्याच्या सोयीसाठी झाला. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

त्या आकड्याने आपल्याला आनंदही दिला, हे नाकारू नये. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले (दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर बरोबरीने). असे पहिले भारतीय. 'रँग्लर' ही पदवी महाराष्ट्रात त्यांच्या नावाला कायमची चिकटली. परक्या राजवटीत आपला माणूस त्यांच्याच मापाने त्यांच्याइतका ठरला, याचं अप्रूप केवढं असेल! पण गंमत बघा. खुद्द केंब्रिजने ही क्रमवार यादी १९०९ नंतर बंद केली. एकेका गुणासाठी मुलं रट्टा मारतात, गणित मागे राहतं, असं तिथल्या गणित्यांनाच वाटू लागलं होतं. आपण मात्र बोर्डाची गुणवत्ता यादी आणि पहिल्या आलेल्या मुलाचा पेढा भरवतानाचा फोटो त्यानंतर जवळजवळ शतकभर सांभाळला.

आता आकड्याच्या खरेपणाबद्दल. मी आयुष्यभर लाल पेनाने गुण दिले, म्हणून हा भाग मला जवळचा आहे. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. भूमिती म्हणजे बरोबर किंवा चूक, असं आपल्याला वाटतं ना? त्याच एका पेपरला कुणी २८ गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर! पुढे १९३५ साली इंग्लंडमध्ये हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी इतिहासाच्या उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांकडून वर्षभरानंतर पुन्हा तपासून घेतल्या. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने आपलाच आधीचा निकाल फिरवला. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९२९ च्या आपल्याकडच्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. म्हणजे ५९ आणि ६० यांत जो फरक आपण मानतो, तो मुलात किती आणि तपासणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीत किती, हे कुणी सांगावं?

श्रेणीची कल्पना मात्र या प्रयोगांच्या आधीचीच. माउंट होल्योक या अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजात १८९७ साली ए, बी, सी अशी अक्षरं वापरू लागले. तिथे ७५ च्या खाली नापास! आपल्याकडे ७५ ला विशेष योग्यता आणि ३५ ला पास. ऐंशीच्या दशकात आपली मुलं अमेरिकेला जाऊ लागली तेव्हा 'फर्स्ट क्लास, ६२ टक्के' हे तिकडच्या लोकांना कसं समजावायचं हा प्रश्नच असे. आमच्या वेळी बी.ए.ला मराठी विषयात ६० मिळवणारा वर्गाचा राजा. आकडा एकच, पण गाव बदललं की त्याचा अर्थ बदलतो. पायली सगळीकडे पायलीच म्हणायची, पण प्रत्येक बाजाराचं माप वेगळं असायचं, तसं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांत आधी परीक्षा सुधारा असं बजावलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आकड्यांऐवजी श्रेणीची चिन्हं वापरा अशी शिफारस केली. आणि मग आला १९६४-६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे! गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध. खेड्यातलं मूल म्हणजे काय, हे दिल्लीत बसून नव्हे, तर इथल्या चिखलात चालून ठाऊक झालेला माणूस. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध कोठारी आयोगाचा म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी परीक्षेला बसली, ती धांदल मी तरुण शिक्षक म्हणून पाहिली आहे. पण त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, तिची आठवण फार थोड्यांना आहे. मुलाच्या प्रमाणपत्रावर त्याने कोणत्या विषयात काय केलं ते लिहावं, पण अख्ख्या परीक्षेत 'पास' किंवा 'नापास' असा शेरा मारू नये.

शेरा! मराठीतला हा केवढा जड शब्द आहे. आमच्या भागातली एक मुलगी सांगतो. नाव नको. वाडीवरून रोज दोन ओढे ओलांडून शाळेत यायची. गगनबावड्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्यालाच त्याचा अर्थ कळेल. दहावीला तिला मराठीत ६८, इतिहास-भूगोलात ६१, आणि गणितात २९. गणित पुन्हा ऑक्टोबरला देता आलं असतं, बाकी विषयांत सूट मिळाली असती. मी घरी जाऊन सांगितलंही. पण घरच्यांनी त्या कागदावरचा एकच शब्द वाचला होता. "मास्तर, नापास झाली न्हवं का? मग कशाला आता?" ६८ हा आकडा त्यांच्या लेखी त्या कागदावर नव्हताच. त्या पावसाळ्यानंतर तिचं लग्न झालं. अशा मुली एक नव्हे, माझ्या नोकरीत मी अनेक पाहिल्या. कोठारी आयोगाचा अहवाल तेव्हा येऊन पंधराएक वर्षं झाली होती.

महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रकावरून 'नापास' हा शब्द हटून त्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असं काही लिहायला सुरुवात झाली ती २०१६ नंतर. पन्नास वर्षं!

दरम्यान श्रेणीचे प्रयोग चालूच होते. अमेरिकन विद्यापीठांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कानपूरच्या आयआयटीने अक्षरश्रेणी आणि सत्रपद्धत साठच्या दशकातच आणली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गुणांऐवजी श्रेणी द्या म्हटलं. महाराष्ट्रात पहिली ते आठवीला २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण शेजारचे गुरुजी नोंदवह्या घेऊन माझ्याकडे यायचे, त्यामुळे आकारिक आणि संकलित हे शब्द मलाही पाठ झाले.

सगळ्यात बोलकी गोष्ट सीबीएसईची आहे. त्यांनी २०१० पासून दहावीला गुण बंद करून नऊ श्रेणी आणि सीजीपीए दिला. हेतू चांगला होता. एका गुणावरून मुलांची ओढाताण नको. पण लोकांनी टक्के मागितले, कॉलेजांनी टक्के मागितले. मग बोर्डानेच सांगितलं, ९.५ ने गुणा. हे ९.५ कुठून आलं? ९१ ते १०० च्या पट्ट्यातल्या मुलांच्या मागच्या काही वर्षांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास निघाली, त्याला १० ने भागलं. म्हणजे वरच्या पट्ट्यातल्या मुलांचं माप सगळ्यांना लावलं!

याचा परिणाम बघा. एका मुलाला पाचही विषयांत ८०. त्याचे ४००, म्हणजे ८० टक्के. ७१ ते ८० ला श्रेणीअंक ८, म्हणून त्याचा सीजीपीए ८.०. दुसऱ्याला एका विषयात ९१ आणि चार विषयांत ७१. त्याचे ३७५, म्हणजे ७५ टक्के. पण त्याचा सीजीपीए १० अधिक ३२, भागिले ५, म्हणजे ८.४. आता दोघांना ९.५ ने गुणा. पहिल्याचे ७६, दुसऱ्याचे ७९.८. पंचवीस गुणांनी मागे असलेला पुढे गेला! दोष श्रेणीचा नाही. 'हे दोघे साधारण सारखेच' एवढंच श्रेणीला म्हणायचं होतं. आपण तिच्याकडून जबरदस्तीने दशांश चिन्हापर्यंतचं उत्तर काढून घेतलं. २०१८ च्या परीक्षेपासून सीबीएसईने दहावीला पुन्हा गुण आणले.

पुण्या-मुंबईच्या पालकांना तो काळ चांगला आठवत असेल. वेगवेगळ्या बोर्डांच्या मुलांची अकरावीसाठी तुलना कशी करायची? २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, २००९ साली ९०:१० चं, आणि ही दोन्ही उच्च न्यायालयात टिकली नाहीत. २०१० साली 'बेस्ट ऑफ फाईव्ह' आलं, तेही उच्च न्यायालयाने रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या गुणांची बेरीज कशी करावी, हे ठरवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं. आणि भांडण कशाचं होतं? शिक्षणाचं नव्हे, मोजक्या कॉलेजांतल्या मोजक्या जागांचं. तोच जुना कचेरीतला साहेब, शंभरातून पाच निवडणारा.

आता पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर. ७.१३ म्हणजे किती टक्के? नुसतं १० ने गुणलं तर ७१.३. सीबीएसईच्या ९.५ ने ६७.७४. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे आधी ०.७५ वजा करून १० ने गुणायचं, म्हणजे ६३.८. मुलगी एक, सत्र एक, आणि उत्तरं तीन! ही सूत्रं आपापल्या मापासाठी बनलेली आहेत, एकाचं दुसऱ्याला लावू नये. आपल्या विद्यापीठाचं जे असेल तेच धरावं. त्यामुळे पुतणीला मी टक्के सांगितलेच नाहीत. म्हटलं, "मराठीत ए आहे, पर्यावरणात ओ आहे, इंग्रजी कच्चं आहे. इंग्रजीकडे बघा."

शेवटी एक सरासरीबद्दल. सहामाहीत ३० आणि वार्षिकला ६० मिळवणाऱ्या मुलाची सरासरी ४५. सहामाहीत ६० आणि वार्षिकला ३० मिळवणाऱ्याचीही ४५. निकालपत्रकात दोघे शेजारी शेजारी. पण एक वर चाललाय आणि दुसरा खाली, आणि दुसऱ्याच्या घरी कुणीतरी जाऊन यायला हवं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर धो धो कोसळतो आणि पुढे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. वर्षाच्या पावसाला ३६५ ने भागून येणाऱ्या सरासरीवरून आज इरलं घ्यायचं की नाही, हे बावड्यातला कुणी ठरवत नाही. आभाळाकडे बघतो.

आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही. हजारो मुलांतून काहींना निवडायचं तर काहीतरी माप लागणारच, आणि वशिल्यापेक्षा आकडा कितीतरी बरा. आमच्यासारख्या डोंगरातल्या तालुक्यातला मुलगा ओळखपाळख नसताना आकड्याच्याच जोरावर कोल्हापूर-पुण्यापर्यंत पोचला, हे मी विसरलेलो नाही. पण निवडणाऱ्याच्या सोयीचा आकडा घरच्यांनी आपल्याच मुलाला का लावावा? साहेबाला शंभर अर्ज बघायचे असतात. आपल्याला एकच मूल बघायचं असतं. गुणपत्रकाची शेवटची ओळ साहेबासाठी आहे. वरच्या ओळी, विषयवार, आपल्यासाठी.

असो. मास्तरकी सुटली तरी लांबण लावायची सवय सुटत नाही.

ता. क. : परदेशी किंवा नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांनी टक्के स्वतः काढून लिहू नयेत. बहुतेक विद्यापीठांचं सूत्र गुणपत्रकाच्या मागे छापलेलं असतं. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र मागून घ्यावं. आणि जिथे सीजीपीए चालतो, तिथे सीजीपीएच लिहावा. इचलकरंजीच्या मेहुण्यांनी विशेष नोंद घ्यावी!